गाईच्या नावावर कापलेला सीन

६ जानेवारी

ही डायरी श्रीलक्ष्मीने दिली, नव्या वर्षाची भेट म्हणून. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलंय, 'मला सांगायचं ते आधी यात लिहा.' माझ्या डोक्यात दिवसभर किती काय चालतं ते तिला माहीत आहे, आणि त्यातलं काही वाया जाऊ नये असं तिला वाटतं. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

तर लिहितो. मी रवी, एडिटर. जयलक्ष्मीपुरममध्ये घराच्या मागच्या खोलीत माझं दुकान आहे. दोन मॉनिटर, एक खुर्ची, आणि एक एसी, जो माणसांसाठी नाही, मशीनसाठी लावतो. इतकी वर्षं लग्नांचे व्हिडिओ कापले, जोडले. आता पहिल्यांदा पिक्चर हातात आलाय. दिग्दर्शक सात्विक, कॉलेजपासूनचा मित्र. नायिका श्रीलक्ष्मी. ती लग्नाच्या आधीपासून नाटकात आहे आणि इथल्या हौशी मंडळींत तिला मान आहे. पिक्चर कन्नड, पण घरातली बोलणी घरच्या मराठीत, कारण गोष्ट आमच्याच नामदेव शिंपी समाजातल्या एका टेलरच्या बायकोची आहे. अंबू तिचं नाव. सगळी गोष्ट एका दिवसाची. सकाळी अंबू स्वयंपाक करते, दुपारी कुणाला न सांगता बसथांब्यावर जाऊन बसते, संध्याकाळी घरी परत येते. मारामारी नाही, नाच नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी थिएटर मिळालंय. त्याआधी सेन्सॉर, आणि त्याच्याही आधी माझं काम. आज सकाळपासून खुर्चीत धड बसवलं नाही. फिरायला निघालो तर दाराशी वाटलं की गॅस चालू राहिलाय. जाऊन बघितलं, बंद होता. दाराशी आल्यावर वाटलं नीट बघितला नाही, म्हणून पुन्हा गेलो. तेवढ्यात फिरायची वेळ टळली.

९ जानेवारी

बसथांब्याच्या सीनवर अडकलोय.

हा सीन शूट झाला त्या दिवशी मी सेटवर नव्हतो, नजरबादच्या एका रिसेप्शनचं काम होतं. संवादात हे काही लिहिलेलं नव्हतं. सात्विकने 'सुचेल ते कर' म्हटलं आणि श्रीलक्ष्मीने केलं. थांब्यावर एक फुलं गुंफणारी बाई बसलेली आहे. अंबू तिच्या शेजारी बसते आणि तिला आपल्या नवऱ्याची नक्कल करून दाखवते. हा नवरा दुकानाला निघतो, दाराशी थांबतो, इस्त्री बंद आहे का बघायला परत जातो, पुन्हा दाराशी येतो, पुन्हा परत जातो. बायकोने तोंड उघडलं की बोट वर करतो. तिने चारचौघांत गोष्ट सांगायला घेतली की शेवट हाच सांगून टाकतो आणि हाच पहिला हसतो. फुलवाली हसता हसता हातातली फुलं सांडते. मग अंबूला स्वतःलाच हसू येतं, आणि ते थांबत नाही. डोळे पुसते, पदर तोंडावर धरते, परत हसते. शेवटी दम खाऊन म्हणते, "अकरा वर्षं झाली बाई, माझं एक वाक्य पुरं झालं नाही." आणि उठून परतीच्या बसमध्ये चढते.

आमच्या लग्नालाही अकराच झाली. योगायोग.

असला माणूस तिने कुठे बघून ठेवला कोण जाणे. समाजात तसे नमुने आहेत म्हणा. मालोजीराव काका तर हुबेहूब. अभिनय उत्तम आहे, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण सीन लांबतो. आणि ते हसणं. मी तिला असं हसताना कधी पाहिलेलं नाही, घरी नाही, लग्नकार्यात नाही. पुन्हा पुन्हा लावून बघितलं. हसताना ती कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला बघते, दर वेळी तिथेच. तिथे कोण उभं होतं? सात्विकच असणार, दुसरं कोण.

मला काही संशयबिंशय नाही. एडिटरला नजर कुठे जाते ते बघावंच लागतं.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून घरोघर एळ्ळु-बेल्ल वाटणं चाललं होतं, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, डाळं. देताना इथल्या लोकांसाठी कन्नडमध्ये गोड बोला म्हणायचं आणि आपल्या लोकांसाठी मराठीत, ही आमच्या घरची रीत. अप्पा आले होते. अप्पा म्हणजे माझे वडील, मोहनराव. शिवरामपेठेत त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे, पिक्चरमधलं दुकान तेच. बरोबर मालतीबाई आत्याही होती. श्रीलक्ष्मी त्यांना सरगूरची गोष्ट सांगत होती. सरगूर तिचं माहेर. लहानपणी तिथल्या जत्रेत तिचा भाऊ नरसिंह हरवला आणि भलत्याच बैलगाडीत झोपलेला सापडला, ती गोष्ट. चांगली आहे, पण श्रीलक्ष्मी फार पाल्हाळ लावते. बैलगाडीपर्यंत पोचायलाच तिला युग लागलं असतं. शेवट मीच सांगून टाकला. सगळे हसले. अप्पा तेवढे हसले नाहीत, हल्ली त्यांना ऐकू कमी येतं बहुतेक.

ते गेल्यावर श्रीलक्ष्मीने विचारलं, "बसथांब्याचा सीन झाला काय री?" तिचं 'री' म्हणजे इथलं 'अहो'.

"एक मिनिट," मी म्हटलं, "आधी साउंडचं काय झालंय ते ऐक."

साउंडचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "तो सीन मला घरी नाही बघायचा. थिएटरात बघायचा, तुमच्या शेजारी बसून. आमेले, तो बघून झाला की, मला तुमच्याशी बोलायचं आहे."

"आत्ता बोल की."

"आत्ता नाही जमत. खूप वर्षं नाही जमलं. तो सीन झाल्यावर जमेल."

कलाकार मंडळींचं हे असंच, सगळ्याला मुहूर्त लागतो.

२० जानेवारी

बंगळूरचे वेंकटरमण म्हणून एक एजंट आहेत. सेन्सॉरचे अर्ज, कागद, खेपा सगळं तेच बघतात. फोनवर तासभर बोललो. पिक्चरमधल्या दोन शिव्या म्यूट करा म्हणाले. बिडीच्या सीनखाली इशारा टाका. मग विचारलं, "प्राणी कुठे आहेत का?"

मी म्हटलं, "बसथांब्याच्या सीनमध्ये मागे एक गाय उभी आहे."

"आणलेली की आपली आपण उभी?"

"आपली आपण."

"मग तसं लिहून द्या. वापरलेलं जनावर असेल तर प्राण्यांच्या खात्याचं पत्र लागतं. रस्त्यावरच्या गाईचं सहसा कोणी मनावर घेत नाही. घेतलंच तर बघू."

घेतलंच तर. म्हणजे घेऊ शकतात. आणि पत्रासाठी थांबायचं तर थिएटरची तारीख गेली. त्यांनी सरळ म्हटलं नाही, पण बोलण्याचा रोख मला कळला. शिवाय नवऱ्याची एवढी टिंगल, बाईमाणसाचं रस्त्यावर असं खिदळणं, समितीवर सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. एखाद्याला खटकलं आणि त्याने सगळ्या पिक्चरलाच फक्त प्रौढांसाठीचं सर्टिफिकेट लावलं तर टीव्हीचं दार बंद. मी पिक्चरच्या भल्याचंच बघतोय.

२३ जानेवारी

आज हसणं थोडं छाटलं. शेवटची उसळी काढली. बरं वाटलं. मग मधली काढली. मग उरलेलं हसणं असं दिसायला लागलं की बाईला ठसका लागलाय. म्हटलं, हे कशाला ठेवायचं? हसणं पूर्ण काढलं. हसणं गेल्यावर नक्कल नुसती दुष्ट वाटायला लागली, म्हणून तीही काढली. आता अंबू थांब्याकडे चालायला लागते आणि एकदम संध्याकाळ होऊन ती घराचं दार उघडते. लय छान बसली आहे. सकाळपासून चार कप कॉफी झाली.

२४ जानेवारी

सात्विकला फोन केला. गाईचं सांगितलं.

"गाय?" तो म्हणाला. "गुरू, तो सीन म्हणजे पिक्चरचा जीव आहे. एका गाईसाठी काढायचा?"

"एजंट म्हणाला, महिने लागतात."

"पुसून टाक ना मग गाय. तुला येतं ते."

"श्रीलक्ष्मीच्या केसांमागून शेपूट हलते. केस आणि शेपूट वेगळी करायला वेळ नाही."

हे काही खोटं नाही. वेळ काढला असता तर जमलं असतं, पण वेळ काढायचा तर मिक्सिंग मागे पडलं असतं. तो म्हणाला, "श्रीलक्ष्मीला विचारलंस?" मी म्हटलं तिला मी सांगतो. तो 'सरी', म्हणजे बरं, म्हणाला आणि फोन ठेवला. त्याला एवढं वाईट का वाटावं? मला वाटलं, डावीकडे उभा असलेला माणूस तोच.

३० जानेवारी

काही विशेष नाही. श्रीलक्ष्मी म्हणाली की शिमोग्याकडच्या एका नाटकमंडळीचं तिला बोलावणं आलंय, दौरा आहे, गावोगाव प्रयोग, सहा महिने. मी ट्रेलर एक्सपोर्ट करत होतो. म्हटलं, एवढे दिवस कोण जातं? ती म्हणाली, "मी अजून हो म्हटलं नाही. पिक्चर बघू दोघं मिळून, मग कळवेन त्यांना." बरोबरच आहे, पिक्चर चालला तर बाईसाहेबांना बंगळूरहून बोलावणी येतील, खेडोपाडी कशाला हिंडायचं.

सीन काढल्याचं अजून सांगितलेलं नाही. एकदा सेन्सॉर होऊ दे.

११ फेब्रुवारी

पास! यूए, तेरा वर्षांवरच्यांसाठी. एकही कट नाही!

समिती आत पिक्चर बघत होती आणि सात्विक आणि मी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होतो. बसलो की पाय हलायला लागायचे. शेवटी आत बोलावलं. सगळे चांगले बोलले. एक वयस्क बाई होत्या, जाड चष्म्याच्या. त्या म्हणाल्या, "मला एक समजलं नाही. ही बाई दुपारी घरातून जाते ती संध्याकाळी अशी चेहरा उजळून कशी येते? मधल्या वेळात तिला काय मिळतं?"

सात्विक माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "ते प्रेक्षकांच्या कल्पनेवर सोडलंय."

"असं होय," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, आमच्या आधीच कोणीतरी काहीतरी काढलंय."

बाहेर आल्यावर सात्विकने पेढे घेतले, पण स्वतः एकही खाल्ला नाही.

१२ फेब्रुवारी

श्रीलक्ष्मीला सांगितलं. ती डोशाचं पीठ वाटत होती. ग्राइंडर चालू होता म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, "सेन्सॉरने बसथांब्याचा सीन काढायला लावला. मागे गाय होती. प्राण्यांचे नियम फार कडक झालेत."

तिने ग्राइंडर बंद केला. "पुरा?"

"पुरा."

"हौदा," ती म्हणाली. म्हणजे असं का. मग पुन्हा ग्राइंडर लावला.

मला वाटलं होतं रडेल, भांडेल. काहीच नाही. उलट जेवताना म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही तरी काय करणार. त्यांनी काढला तर काढला. पिक्चर बघून झाल्यावर आपण बोलूच. सीन नसला तरी प्रयत्न करेन मी." आणि मला जास्तीचा पापड वाढला. सुटलो. पापड मात्र ताटात तसाच राहिला, तळताना जरा जास्त करपला असावा.

२६ फेब्रुवारी

पोस्टर लागले. आमच्या विठ्ठल मंदिराच्या हॉलबाहेरही एक. समाजाच्या मंडळींना पहिल्या खेळाचं आमंत्रण आहे. झोप नाही. जिथे जातो तिथून निघावंसं वाटतं.

२ मार्च

जसं झालं तसं लिहितो.

थिएटर भरलं होतं. समाजातली अर्धी माणसं आलेली. अप्पा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मालतीबाई आत्या आमच्या मागे. श्रीलक्ष्मी मोरपंखी साडीत, माझ्या शेजारी. दिवे असतानाच सात्विक पडद्यासमोर माइक घेऊन उभा राहिला. सगळ्यांचे आभार मानले, अप्पांनी दुकान दिलं म्हणून त्यांना उभं केलं. आणि मग म्हणाला, "एक गोष्ट अभिमानाने सांगतो. सेन्सॉरने आपल्या पिक्चरला एकदाही कात्री लावलेली नाही!"

शिट्ट्या, टाळ्या. श्रीलक्ष्मीही टाळ्या वाजवत होती. मग तिचे हात थांबले. ती माझ्याकडे वळली नाही. मी काहीतरी बोलणार होतो, पण दिवे गेले.

पिक्चर सुरू झाला. पहिलाच शॉट शिवरामपेठेतली सकाळ. गल्लीतून दूधवाला येतो आणि त्याच्या मागून दोन गाई. मी हा शॉट किती वेळा बघितला असेल! मला त्या गाई कधी दिसल्या नव्हत्या, मला फक्त सकाळ दिसायची.

श्रीलक्ष्मी माझ्या कानाशी वाकली. "या चालल्या काय?"

मी म्हटलं, "एक मिनिट, पिक्चर बघ."

थोड्या वेळाने टेलर दुकान उघडतो, तर समोर फूटपाथवर एक तांबडी गाय केळीची पानं खात उभी. "आणि ही?" तिने विचारलं.

मग गाणं लागलं. गाण्यात एक म्हैस रस्त्याच्या मधोमध येऊन थांबते, बस थांबते, टेलरची सायकल थांबते, आणि कोणी काही करू शकत नाही. लोक हसले, टाळ्याही पडल्या. श्रीलक्ष्मीने या वेळी काही विचारलं नाही.

दुपार आली. अंबू चपला घालून निघाली, थांब्याकडे चालायला लागली, आणि संध्याकाळ झाली. मी फक्त पडद्याकडे बघत राहिलो. शेजारी हलण्याचा आवाजसुद्धा आला नाही.

बाहेर सगळे तिच्याभोवती जमले. आत्या म्हणाली, "श्रीलक्ष्मी, छान केलीस ग! पर ती दुपारी कुठं जाऊन आली, ते कळलं नाही की मला."

"कुठं नाही आत्या," श्रीलक्ष्मी म्हणाली. "सुम्ने, उगीच, थांब्यावर बसून आली."

घरी येताना स्कूटरवर तिने मला धरलं नाही, मागची दांडी धरली होती. घरी मी तिला सगळं नीट समजावलं. लांबी, लय, तारीख, एजंटचं बोलणं, सगळ्या पिक्चरचा विचार. माझं संपेपर्यंत ती उभी राहून ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, "झालं सांगून?" मी हो म्हटलं.

मला वाटलं आता ती बोलेल. तिला बोलायचं होतं ना, पिक्चर झाल्यावर? ती आत गेली आणि झोपली.

३ मार्च

सकाळच्या बसने ती सरगूरला गेली. नाटकमंडळीला होकार कळवलाय, तिथूनच पुढे जाणार म्हणाली. मी विचारलं, "एवढ्या एका सीनसाठी?" ती पायऱ्या उतरत होती. थांबली, आणि मग उतरली.

५ मार्च

सात्विकला सगळं कळलंय. श्रीलक्ष्मीने नाही सांगितलं, त्याने स्वतः वेंकटरमणना विचारलं. फोनवर त्याने शिवी दिली नाही, ओरडला नाही. म्हणाला, "पिक्चरमध्ये गाई किती आहेत ते मोजशील का जरा?" आणि ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

घरात चालायलाही जागा पुरत नाही असं वाटतं. घर तेवढंच आहे.

९ मार्च

अप्पा डबा घेऊन आले. जेवण झाल्यावर म्हणाले, "तो थांब्याचा सीन आहे ना तुझ्याकडं? लाव की. मला परत बघायचा आहे."

"परत? तुम्ही कधी बघितला?"

"अरे, शूटिंगला मी होतो. सात्विकने खुर्ची दिली होती मला, कॅमेऱ्याच्या डावीकडं. हसून हसून माझा जीव जायची पाळी आली. मला बघून तिला हसू, तिला बघून मला हसू. सात्विक बिचारा ओरडतो, अंकल, स्वल्प हळू, आवाज रेकॉर्ड होतोय!"

डावीकडे अप्पा होते.

मी सीन लावला. सगळा, न छाटलेला. अप्पा खुर्चीत पुढे सरकून बसले. नक्कल सुरू झाली तसे खुदकन हसले, मग मोठ्याने, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागले. अंबू दाराशी जाते, परत येते, परत जाते. अप्पा मांडीवर हात मारत होते. "अय्यो, अगदी तसंच! मान बघ, मान! लहानपणापासून तशी मान करतो!"

"कोण?" मी विचारलं.

अप्पांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला कळलं नाही काय रे, तो कोण आहे ते?"

"मालोजीराव काका."

पडद्यावर श्रीलक्ष्मी हसत होती. शेवटी अप्पा म्हणाले, "इस्त्रीच्या जागी गॅस धर, रवी." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी सीन पहिल्यापासून लावला. आवाज बंद करून लावला. मग आवाज लावून. अप्पा कधी उठून गेले ते कळलं नाही. समाजाला माहीत होतं, युनिटला माहीत होतं, फुलवालीचं काम करणाऱ्या मधूलासुद्धा माहीत असणार, आणि मी त्या माणसाला बघून म्हणत होतो, असला नमुना हिने कुठे शोधला. लाज वाटली. इतकी वाटली की मॉनिटरच्या काळ्या काचेत तोंड दिसू नये म्हणून खुर्ची फिरवून बसलो.

१२ मार्च

वेंकटरमणना फोन केला. काढलेला सीन परत घालायचा आहे म्हटलं. ते हसले. "लोक इथे सीन वाचवायला धडपडतात, तुम्ही सेन्सॉरच्या आधीच कापून आणलात आणि आता परत घालताय?" सर्टिफिकेट झाल्यावर पिक्चरमध्ये काहीही घातलं की तेवढा भाग पुन्हा समितीला दाखवावा लागतो. गाय आपली आपण उभी होती असं लिहून दिलं. सही सात्विकची लागत होती. तो आला, सही केली, पाणीही न घेता गेला. जाताना एवढंच म्हणाला, "पुढचा पिक्चर मी दुसऱ्याकडे देतोय."

१७ मार्च

सरगूरला जाऊन आलो.

लॅपटॉप घेऊन गेलो होतो, सीन परत घातलेला पिक्चर त्यात होता. श्रीलक्ष्मी भावाच्या कापडदुकानात बसली होती, नरसिंह गिऱ्हाइकांना साड्या दाखवत होता. तिची बॅग गल्ल्याजवळच भरून ठेवलेली, उद्या निघणार. मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसलो आणि लॅपटॉप उघडला.

"मला काय दाखवता?" ती म्हणाली. "मीच केलाय तो."

मी लॅपटॉप मिटला. सॉरी म्हटलं. तो नवरा कोण ते आता कळलं असं सांगितलं. अप्पांनी सांगितलं तेव्हा कळलं, हेही सांगितलं. मला पुढे पुष्कळ बोलायचं होतं, येताना बसमध्ये सगळं जुळवलं होतं. बोललो नाही. बसून राहिलो. नरसिंहाच्या दोन गिऱ्हाइकांची खरेदी झाली एवढा वेळ गेला असेल.

मग ती आपण होऊन बोलायला लागली.

"ती अंबू हसून झाल्यावर काय करते? परतीची बस पकडते. का पकडते, विचारलं तुम्ही स्वतःला? एडिटर आहात ना. नुसती रडली असती, चिडली असती, तर समोरच्या बाजूची बस पकडली असती तिने. हसून घेते म्हणून घरी जाते. मी तेच करायचे री. तालमीला गेले की पोरींना तुमची नक्कल करून दाखवायचे. पोट दुखेपर्यंत हसायचो आम्ही. मग मंडईतून भाजी घ्यायची आणि घरी यायचं. किती वर्षं तसंच चाललं, आणि बरं चाललं. राग नव्हता मला. हसू यायचं म्हणजे माणूस आवडतो की अजून. मग म्हटलं, एवढी मजा बाहेरच्यांबरोबर करते, एकदा यांच्याबरोबर करावी. अंधारात शेजारी बसून बघायचा. तुम्हाला आधी राग येईल, मग लोक हसतील, मग तुम्हालाही येईल हसू. दोघं हसलो की मग मला बोलायला सोपं जाईल. मला एवढंच पाहिजे होतं. सेन्सॉरने काढला म्हणालात तेव्हा पण मी म्हटलं, चला, बिन सीनचं बोलू."

ती थांबली. मी थांबलो.

"परवा सात्विकने पाठवला मला तो सीन," ती म्हणाली. "नरसिंहाच्या फोनवर बघितला. घरचे सगळे हसले. मी पण बघत होते, आता येईल हसू, आता येईल. नाही आलं."

मी त्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, रडायला लागलो. नरसिंहाने साडीची घडी अर्धवट सोडली आणि आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. श्रीलक्ष्मी उठली, आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. मी सरकून तिला जागा केली. ती बसली नाही.